कोॲक्सियल केबल : ओढणे, जोडणे आणि तपासणे

आमचा धंदा कापडाचा. तरीही या पानावर आम्ही तारेविषयी लिहीत आहोत. याचे कारण असे की, भिवंडी किंवा मालेगावसारख्या गावांत केबल टीव्हीची किंवा कॅमेऱ्याची गोल तार जिच्या भिंतीवरून गेलेली नाही अशी पेढी, गोदाम किंवा लूमचे शेड आज विरळाच सापडेल. मालक पैसे मोजतो, चित्र दिसले की समाधान मानतो आणि तार कशी गेली आहे याकडे पुन्हा पाहत नाही. दुसरीकडे आपल्या मोहल्ल्यांतील बरीच तरुण मुले लूम सोडून या फिटिंगच्या कामात शिरली आहेत. उस्तादाच्या हाताखाली पाहून पाहून ती हे हुनर शिकतात. ही पद्धत चांगलीच आहे. फक्त उस्तादाची वाईट सवयही शागिर्दाच्या हातात जशीच्या तशी उतरते. म्हणून व्यापारी बंधूंना काम पारखता यावे आणि कारागीर बंधूंना ते बिनधोक करता यावे, अशा दोन्ही हेतूंनी हा लेख आहे. शब्द आम्ही बाजारात चालतात तेच वापरले आहेत.

आमच्या पाहण्यात या तारेचे बिघाड मधल्या लांबीत क्वचित सापडतात. ते सापडतात टोकांवर, म्हणजे कनेक्टरमध्ये, आणि अर्थिंगमध्ये. कनेक्टरचा बिघाड चित्र घालवतो. अर्थिंगचा बिघाड माणूस घालवू शकतो.

तारेची बनावट

कोॲक्सियल म्हणजे एकाच मध्यावर असलेले दोन वाहक. मध्ये एक भरीव तार, तिला बाजारात कोअर म्हणतात. तिच्याभोवती पांढऱ्या प्लॅस्टिकचा किंवा फोमचा थर, त्यावर ॲल्युमिनियमची पातळ फॉईल, फॉईलवर बारीक तारांची विणलेली जाळी आणि सर्वांत वर पीव्हीसीचे आवरण. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० साली तिचे पेटंट घेतले होते. सिग्नल कोअर आणि जाळी यांच्यामधल्या थरातून चालतो. जाळी त्याला बाहेर सांडू देत नाही आणि बाहेरची मोटार, ट्यूबलाइट, वेल्डिंग यांचा गोंधळ आत येऊ देत नाही.

जाळी म्हणजे आपल्या ओळखीचीच गोष्ट आहे. रीड-पिक कमी असलेले कापड जसे हातात धरले की आरपार दिसते, तशीच स्वस्त तारेची जाळी विरळ असते. कंपन्या जाळीने किती टक्के भाग झाकला हे सांगतात : ४०, ६० किंवा ९५ टक्के. आवरण बोटभर सोलून पाहा. फॉईल चार-सहा तारांमधून उघडी डोकावत असेल तर ती तार लूमच्या मोटारींजवळ नेण्याच्या लायकीची नाही. तागा उलगडून पाहिल्याशिवाय आपण कापड घेत नाही, मग तारेचे बंडल न पाहता का घ्यावे?

टीव्ही आणि कॅमेऱ्यासाठी ७५ ओहमची तार लागते. वायरलेस आणि रेडिओच्या यंत्रांना बहुधा ५० ओहमची. दोन्ही दिसायला सारख्या, पण एकमेकींच्या जागी चालत नाहीत. हे ७५ ओहम म्हणजे तारेचा रोध नव्हे. कोअरची जाडी, जाळीचा व्यास आणि मधला थर यांच्या प्रमाणातून ते ठरते. हे एकदा नीट समजले की पुढचे पुष्कळसे नियम आपोआप समजतात. तार खिळ्याच्या क्लिपने ठोकून चपटी केली, दाराच्या फटीत दाबली किंवा कोपऱ्यावर काटकोनात मोडली, की त्या जागी हे प्रमाण बिघडते आणि सिग्नलचा काही भाग तिथून माघारी फिरतो. तार तुटलेली नसते, मीटरही ती ठीक दाखवतो, पण चित्र खराब येते. म्हणून वळण तारेच्या जाडीच्या निदान दहापट त्रिज्येचे ठेवावे. आरजी-६ साधारण ७ मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे तिला ७ सेंटिमीटरची गोलाई द्यावी.

कॅमेऱ्याला बहुधा आरजी-५९ आणि टीव्ही-डिशला आरजी-६ वापरतात. लांब पल्ल्यासाठी आणखी जाड आरजी-११ मिळते. कोअर कशाची आहे हा प्रश्न मात्र दुकानदाराला जरूर विचारावा. काही कोअर शुद्ध तांब्याच्या असतात, काही पोलादावर तांब्याचा मुलामा दिलेल्या, तर काही ॲल्युमिनियमवर मुलामा दिलेल्या. केबल टीव्हीच्या फार वरच्या लहरी तारेच्या पृष्ठभागावरूनच धावतात, म्हणून तिथे पोलादी कोअर चालते आणि त्यात फसवणूक नाही. कॅमेऱ्याचे काम मात्र खालच्या लहरींपासून सुरू होते, तिथे तांबेच हवे. ओळखण्याची रीत सोपी आहे. लोहचुंबक लावा, कोअर खेचली गेली तर आत पोलाद आहे. खेचली गेली नाही तर चाकूने खरवडून पाहा; आत पांढरे निघाले तर ॲल्युमिनियम. मापाचेही तसेच. चांगल्या तारेवर मीटर किंवा फुटांचे आकडे छापलेले असतात. पहिला आणि शेवटचा आकडा पाहिला की ३०५ मीटरच्या ड्रममध्ये खरोखर ३०५ मीटर आहेत की नाही ते कळते.

ओढण्यापूर्वी आणि ओढताना

जुनी तार काढायची किंवा तिला नवी जोडायची असेल, तर हात लावण्यापूर्वी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून जाळी आणि खात्रीचे अर्थिंग यांच्यामध्ये व्होल्टेज तपासावे. पुष्कळ मुले हे कामच करीत नाहीत, कारण ‘केबलमध्ये करंट नसतो’ असे त्यांनी ऐकलेले असते. हे ऐकीव ज्ञान धोकादायक आहे. मोठ्या लाइनवरील ॲम्प्लिफायरना पुष्कळदा त्याच कोॲक्समधून ६० व्होल्ट किंवा त्याहून जास्त एसी दिली जाते. घरच्या डिशच्या तारेतही वर बसवलेल्या एलएनबीसाठी १३ किंवा १८ व्होल्ट डीसी असते. ती माणसाला मारत नाही. पण सेट-टॉप बॉक्स चालू ठेवून कनेक्टर बसवताना जाळीचा एक केस कोअरला लागला, तर बॉक्सचा वीजपुरवठा जाऊ शकतो. म्हणून बॉक्सचा प्लग आधी काढावा. फक्त रिमोटने बंद केलेला बॉक्स बंद समजू नये.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, डीव्हीआर यांचे दोन पिनांचे अडॅप्टर आतल्या लहान कपॅसिटरमधून जाळीवर थोडा करंट सोडतात. अर्थिंग नसेल तर मीटर शंभर-सव्वाशे व्होल्टही दाखवतो, टेस्टरचा दिवा पेटतो आणि बोटाला झिणझिण्या येतात. एका बॉक्सचा करंट अगदी थोडा असतो. पण एका इमारतीतील वीस-तीस घरांचे बॉक्स एकाच जाळीला जोडलेले असले की हा थोडा-थोडा करंट एकत्र होतो. शिडीवर उभ्या असलेल्या मुलाला तेवढा झटका खाली पाडायला पुरे आहे. शिवाय मीटरवरचे व्होल्ट या गळतीचे आहेत की कुठे खरोखर फेज जाळीला लागली आहे, हे नुसत्या टेस्टरवरून ठरत नाही. म्हणून दोन-चार व्होल्टांपेक्षा जास्त दिसले की काम थांबवावे आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. ‘थोडा थोडा करंट येतच असतो’ हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकले आहे. ते बोलणाऱ्याने स्वतः त्या तारेला हात लावून दाखवावा, असे मालकाने म्हणायला हरकत नाही!

विजेच्या तारांशी शेजार नको. कोॲक्स आणि विजेची वायर एका पाइपात घालू नये. समांतर न्यायची असेल तर दोघींमध्ये किमान एक फूट अंतर ठेवावे, आणि ओलांडणे अटळच असेल तर काटकोनात ओलांडावे. गल्लीतून एका इमारतीवरून दुसरीवर तार नेताना ती विजेच्या खांबाला बांधणे किंवा विजेच्या ओळीवरून फेकून पलीकडे पोचवणे हा सरळ जिवाशी खेळ आहे. फेकलेली तार ओळीवर पडली तर जाळी म्हणजे शेकडो फूट लांब उघडा वाहकच. ओळींजवळ ॲल्युमिनियमची शिडी वापरू नये. ढग गडगडू लागले की गच्चीवरचे काम सोडून खाली यावे. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे असे दिवस पुष्कळ असतात.

लांब अंतर हवेतून न्यायचे असेल तर तारेचा भार तारेवर टाकू नये. शेजारून पोलादी तार ताणून कोॲक्स तिला थोड्या-थोड्या अंतरावर बांधावी. भिंतीतून आत येताना भोक बाहेरच्या बाजूस उतरते असावे, आणि आत शिरण्याआधी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळावरून टपकेल, तार धरून आत येणार नाही.

कापडाच्या आणि लूमच्या जागेत आणखी एक काळजी घ्यावी लागते, आणि तिच्याविषयी आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत. तार स्वतः सहसा पेट घेत नाही, पण तिच्याबरोबर येणारा कॅमेऱ्याचा वीजपुरवठ्याचा डबा किंवा अडॅप्टर गरम होतो. त्याला हवा लागते. गोदामात माल वाढला की गाठी छतापर्यंत जातात आणि भिंतीवरचा डबा त्यांच्या मागे दडपला जातो. आमच्या ओळखीच्या एका गोदामात असाच डबा ताग्यांच्या मागे सापडला. प्लॅस्टिक पिवळे पडून वाकले होते आणि त्याला टेकलेल्या ताग्याची कड करपली होती. सुदैवाने माल हलवताना नजरेस आले. लूमच्या शेडमध्ये तर उडणारी रुई प्रत्येक डब्यावर साचते. म्हणून डबा नेहमी मालापासून दूर, नजरेसमोर, लोखंडी पेटीत आणि फ्यूजसहित बसवावा, आणि आठवड्याच्या साफसफाईत त्याचीही धूळ झाडावी. दुकान आणि गोदामाच्या मधल्या भिंतीला तारेसाठी पाडलेले भोक नंतर बुजवण्यास विसरू नये. ते उघडे राहिले तर एका बाजूची आग आणि धूर त्याच वाटेने दुसऱ्या बाजूला पोचतो.

टोके

आता मुख्य कामाकडे येऊ. टीव्ही आणि डिशला एफ कनेक्टर लागतो. त्यात वेगळी पिन नसते. तारेची कोअर हीच पिन असते. म्हणून कोअरला चाकूचा चरा पडता कामा नये. चरा पडलेली कोअर आज चालते आणि दोन-तीनदा वाकवली की आत तुटते. ब्लेडने सोलण्यापेक्षा सोलणीचे लहान हत्यार घ्यावे, ते महाग नसते. टोकाची कोअर सुमारे ६ मिलिमीटर उघडी करावी आणि त्यामागे आवरण आणखी ६ मिलिमीटर काढावे. उघडी झालेली जाळी मागे आवरणावर उलटवावी. पांढऱ्या थराला चिकटलेली फॉईल मात्र तशीच ठेवावी. मग कनेक्टर सरळ दाबत आत न्यावा. पांढरा थर कनेक्टरच्या आतल्या तळाशी बरोबर समतल आला पाहिजे. मागे राहिला तर पोकळी राहते, पुढे आला तर जोड घट्ट बसत नाही. कोअर नटच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर दिसावी. त्यानंतर कॉम्प्रेशनच्या हत्याराने दाबावे. नुसता हाताने पिळून बसणारा कनेक्टर घरात एखाद्या वेळी चालेल, गच्चीवर नाही. शेवटी बोट फिरवून आणि डोळ्यांनी नीट पाहून जाळीचा एकही केस कोअरजवळ नाही याची खात्री करावी. नट हाताने घट्ट करावा आणि ११ मिलिमीटरच्या पान्याने अगदी थोडा आवळावा. गच्चीवरच्या जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. साधी काळी टेप एका उन्हाळ्यात सुटते.

कॅमेऱ्याला बीएनसी लागतो. या नावातली दोन अक्षरे तो बनवणाऱ्या नील आणि कॉन्सेलमन या दोन इंजिनियरांची आहेत. क्रिम्पचा बीएनसी बसवताना बाहेरची नळी आधी तारेत ओवून घ्यावी. नवशिके हे विसरतात आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. पिन कोअरवर क्रिम्प करावी, बॉडी फॉईल आणि जाळी यांच्यामध्ये शिरवावी, जाळी बॉडीवर पसरवून नळी पुढे सरकवावी आणि नळीच्या मापाच्याच खाचेत दाबावी. पकडीने चेपलेली नळी म्हणजे दाबलेली नळी नव्हे. मग हाताने नीट खेचून पाहावे.

आपल्याकडे मात्र बाजारात वायरचा तुकडा जोडलेला तयार बीएनसी मिळतो आणि पुष्कळ फिटर तोच घेतात : कोअरला एक वायर पिळली, जाळीला दुसरी पिळली, वर टेप. वेळ वाचतो हे खरे. पण त्या दोन-तीन इंचांत तार कोॲक्सियल राहतच नाही. जाळीचे संरक्षण तिथे उघडे पडते, दमट हवेत पीळ काळा पडतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तक्रारी सुरू होतात. व्यापारी बंधूंनी काम ठरवतानाच क्रिम्पचा बीएनसी लावण्याची अट घालावी आणि त्याची जास्तीची मजुरी खुशीने द्यावी.

रात्री बंद पडणारा कॅमेरा

आपल्याकडे कॅमेऱ्यासाठी ‘थ्री प्लस वन’ तार जास्त खपते, म्हणजे एक कोॲक्स आणि विजेच्या तीन बारीक वायरी एकाच आवरणात. तिचा एक दोष माहीत असावा. दिवसा चित्र छान आणि अंधार पडला की पडदा काळा, अशी तक्रार आली की फिटर कॅमेरा बदलायला सांगतो. आधी हिशेब करून पाहावा. समजा, बारीक वायरीचा रोध मीटरला ०.१ ओहम आहे आणि कॅमेरा ६० मीटरवर आहे. जाऊन-येऊन १२० मीटर, म्हणजे १२ ओहम. दिवसा कॅमेरा ०.१५ अँपिअर घेतो, वाटेत १.८ व्होल्ट गळतात आणि १२ पैकी १०.२ व्होल्ट पोचतात. रात्री अंधारात पाहण्याचे दिवे लागले की तोच कॅमेरा ०.४ अँपिअर घेतो, ४.८ व्होल्ट वाटेतच जातात, उरतात ७.२. कॅमेरा बंद पडणारच. उपाय कॅमेरा बदलण्याचा नाही, वीजपुरवठा कॅमेऱ्याच्या जवळ आणण्याचा किंवा जाड वायर टाकण्याचा आहे. खात्रीसाठी रात्री, दिवे चालू असताना, कॅमेऱ्याच्या टोकाला व्होल्ट मोजावेत.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे चित्रावर वर-खाली सरकणारे आडवे पट्टे. कॅमेरा शेडच्या लोखंडी खांबाला स्क्रूने बसवला आणि डीव्हीआर ऑफिसमध्ये वेगळ्या अर्थिंगवर असला, की दोन अर्थिंगांतल्या फरकाचा करंट जाळीतून वाहू लागतो. कॅमेऱ्याखाली लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी ठेवली की बहुधा काम होते. यावर ‘अर्थिंगच काढून टाक’ हा सल्ला कुणी दिला तर तो माणूस त्या कामावरून काढावा. दोन इमारती वेगवेगळ्या वीज मीटरवर असतील आणि मधले व्होल्टेज जास्त असेल, तर दोघींमध्ये कोॲक्स टाकूच नये. तिथे फायबर टाकावे, काचेतून करंट जात नाही. डिशच्या किंवा बाहेरून येणाऱ्या तारेची जाळी इमारतीत शिरतानाच अर्थिंगच्या मुख्य पट्टीला जोडावी. फक्त या तारेपुरता वेगळा खिळा जमिनीत ठोकून तो मुख्य अर्थिंगशी न जोडता सोडणे चुकीचे आहे. अर्थिंगची भारतीय संहिता आयएस ३०४३ ही आहे आणि तो भाग वायरमनकडूनच करून घ्यावा.

तपासणी

दोन्ही टोके यंत्रांतून काढावीत. दूरचे टोक मोकळे ठेवून कोअर आणि जाळी यांत रोध मोजावा. मीटरने काहीच दाखवू नये. बीप वाजली तर जाळीचा केस कुठेतरी कोअरला लागला आहे, आणि तो बहुधा कनेक्टरमध्येच सापडतो. मग दूरच्या टोकाला कोअर आणि जाळी एकत्र करून पुन्हा मोजावे. आता थोडाच रोध दिसला पाहिजे. आरजी-६ च्या तांब्याच्या कोअरचा १०० मीटरचा रोध सुमारे २ ओहम, पोलादीचा सुमारे १० ओहम. त्यात जाळीचे एक-दोन ओहम मिळवावेत. तांब्याचे बिल घेतले आणि मीटरने दहाच्या वर आकडा दाखवला, तर काय विकले गेले ते निराळे सांगायला नको. ३० मीटरच्या तारेत पंधरा-वीस ओहम दिसले तर एखादे टोक सैल आहे. मीटरचे दांडे धरून दोन्ही कनेक्टर हलवून पाहावेत. आकडा नाचला तर ते टोक कापून नवे करावे.

मीटर तार तुटली की जुळली एवढेच सांगतो. चेपलेली किंवा पाणी शिरलेली जागा त्याला दिसत नाही. मोठे ठेकेदार त्यासाठी टीडीआर नावाचे यंत्र बाळगतात. ते तारेत एक ठोका सोडते आणि खराब जागेवरून तो किती वेळात परततो ते मोजते. फोमच्या तारेत सिग्नल प्रकाशाच्या सुमारे ८० टक्के वेगाने जातो, म्हणजे एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात २४ सेंटिमीटर. ठोका असे २५० भाग घेऊन परतला तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे दोष ३० मीटरवर.

डिजिटल केबल आल्यापासून (मुंबईत २०१२ साली ती सक्तीची झाली) आणखी एक फसगत होते. पूर्वी सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या दिसत आणि माणूस वेळेवर सावध होई. डिजिटलचे चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मग एकाएकी थिजते. तेव्हा ‘चित्र छान आहे’ ही तपासणी नव्हे. बॉक्सच्या मेन्यूमधले सिग्नलचे आकडे पाहावेत. प्रत्येक दोन वाटांचा स्प्लिटर दर वाटेला निम्म्याहून कमी शक्ती पोचवतो, म्हणून गरजेपेक्षा जास्त स्प्लिटर लावू नयेत, आणि स्प्लिटरचे न वापरलेले तोंड ७५ ओहमच्या टोपीने बंद करावे.

काम संपल्यावर फिटरने प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची पट्टी लावावी. त्याच क्रमांकापुढे लांबी, तारेचा प्रकार, दोन्ही रोधांचे आकडे, जाळी आणि अर्थिंगमधले व्होल्ट आणि तारीख एका कागदावर लिहून तो कागद मालकाच्या सहीसह डीव्हीआरच्या पेटीच्या आत चिकटवावा. पुढच्या वर्षी दुसरा कारागीर आला तरी त्याला त्याच आकड्यांशी ताडून पाहता येते. बिलाची बाकी रक्कम हा कागद लागल्यावर द्यावी, असे आम्ही आमच्या दुकानापुरते ठरवले आहे.